बाळ आणि माळ

इंगोले बाईंशी बोलायचं तर आधी त्यांच्या तोंडाकडं पाहावं लागे. आपण कागदात डोकं घालून "हां बाई, बोला" म्हटलं, तर बाई बोलतच नसत. समोर उभ्या राहून टेबलावर बोटानं टकटक करत. आपण वर पाहिलं, नजर त्यांच्या ओठांवर टेकली, की मग सुरुवात. हे आमच्या वर्गातल्या बहिऱ्या लेकरांपुरतं असतं तर समजण्यासारखं होतं. पण किराणावाला, पोस्टातला कारकून, एसटीचा कंडक्टर, सगळ्यांना तोच नियम. हिंगोलीच्या बाजारात एका माळणीनं कोथिंबिरीची जुडी बांधता बांधता खाली मान घालून भाव सांगितला, तर बाई म्हणाल्या, "माज्याकडं बघून सांग माय. मी काय कोथिंबिरीशी बोलून राहिले का?"

त्यांच्याविषयी मी आजवर कुठं बोललो नाही. जुन्या वर्गाचा विषय निघाला की पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जायचो. बायकोला त्यांचं नाव ठाऊक आहे, पण नावापुरतंच. आता पन्नाशी उलटली, आणि झाकून ठेवलेलं आपोआप विरत नाही एवढं कळलं, म्हणून लिहितो आहे. मी बाईंवर जळत होतो. पहिल्या दिवसापासून जळत होतो.

तेव्हा आमचा जिल्हा परभणी. हिंगोली तालुक्याचं गाव. एका संस्थेनं बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात दोन खोल्या घेऊन मुक्या-बहिऱ्या मुलांचा वर्ग काढला होता, आणि मी त्या वर्गाचा मुख्य होतो. मुख्य म्हणजे काय, मी आणि करीमचाचा नावाचा शिपाई. मी शिरड शहापूरच्या खात्यापित्या शेतकरी घरातला, मॅट्रिक झालेला, दुसरी नोकरी लागेना म्हणून इथं आलेला. बहिऱ्या लेकरांना शिकवायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हातवारे करत, चित्रं काढत, कधी हसवत, कधी दटावत मी लेकरं सांभाळली. ती माझ्या अंगावर चढायची. त्यांच्या खुणा मला येत. त्यांच्यात माझं नाव होतं वरच्या ओठावर आडवं फिरवलेलं बोट, कारण माझी मिशी. भरघोस होती. बापानं ठेवली तशीच.

मग खात्याचा नियम आला. बहिऱ्यांना बोलायला शिकवणारा माणूस प्रशिक्षित पाहिजे. प्रशिक्षण झालं तरी वर्षभर मान्यता असलेल्या मुख्याच्या हाताखाली काम करायचं, आणि शेवटी तपासनीस साहेबासमोर मुलांची परीक्षा दाखवायची. साहेबाची पसंती मिळाली की सरकारी यादीत नाव. यादीत नाव नसेल तर स्वतःचा वर्ग काढता येणार नाही, कुणाला कानाचं यंत्र लावून देता येणार नाही. फक्त आधीपासून या कामात असलेल्या जुन्या माणसांना अनुभवामुळं सूट. म्हणजे झालं असं, की मी शिकलेलो नव्हतो म्हणून मला सूट मिळाली, आणि प्रमिला इंगोले मुंबईला जाऊन रीतसर शिकून आल्या होत्या म्हणून त्यांची परीक्षा. तीही माझ्या हाताखाली.

हे बाईंच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. करीमचाचाला त्या म्हणाल्या, "म्हंजे तुमचे सर सूटवाले सर हायत तर." चाचाला तो शब्द इतका आवडला की त्यानं तो गावभर केला. एकदा नरसीहून एक म्हातारा नातवाला घेऊन आला. दारात उभा राहून माझ्या पायजम्याकडं आणि खादीच्या सदऱ्याकडं पाहत राहिला. म्हणाला, "सूटवाल्या सरांना भेटायचंय. आज कोट घालून आले न्हाईत का?" बाई आतल्या खोलीत तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसलो. ते हसू किती दिवस तोंडात कडू राहिलं, हे मलाच ठाऊक.

बाई कुरुंद्याच्या. वडील दुसऱ्यांच्या हळदीच्या रानात राबलेले. घर बौद्ध, शिक्षणाला धरून असलेलं; थोरला भाऊ मास्तर, त्यानं बहिणीला मुंबईला पाठवलं. त्यांना हिंगोलीत कुणी खोली देईना. कारण विचारायची गरज नव्हती आणि कुणी सांगतही नव्हतं. माझ्या ओळखीचं एक घर रिकामं होतं, घरमालक माझ्या शब्दाबाहेर नव्हता. मी शब्द टाकला नाही. जात पाहून टाकला नाही असं मी मानलं नाही; स्वतःला म्हणालो, उगाच कशाला मध्ये पडा. आज हे वाक्य लिहिताना कळतं की दोन्हीत फरक नव्हता. शेवटी करीमचाचाच्या मावशीनं आपली माडी दिली. बाई तिथं वर्षभर राहिल्या आणि मावशीला पण तोंडाकडं पाहून बोलायची सवय लावून गेल्या.

बाई गरीब स्वभावाच्या मुळीच नव्हत्या. मुंबईचं तुणतुणं सदा चालू. "आमच्या वर्गात मी पहिली", "आमच्या मॅडम म्हणायच्या, इंगोले, तुझा ओठ बोलका आहे." चहात साखर कमी पडली तरी मुंबईचा चहा निघायचा. आणि कुरुंद्याच्या वर्गाचं स्वप्न. वसमतकडच्या गावांत बहिरं लेकरू असलं की त्याला ढोरामागं पाठवतात, त्याला कुणी नावानं हाक मारत नाही, कारण ऐकू येत नाही तर हाक कशाला. हे त्या चिडून सांगत. वर्ष संपलं, यादीत नाव लागलं, की कुरुंद्याला वर्ग काढायचा. दारावरच्या पाटीचा मजकूरसुद्धा ठरला होता. नावाच्या खाली 'प्रशिक्षित', आणि तो शब्द नावापेक्षा मोठ्या अक्षरात. "रंगारी म्हणंल बाई, नाव मोठं काढतात. मी म्हणंल, नाव बापानं फुकट दिलं. हे मी कमावलं."

आणि त्यांची ती लाली. बाई वर्गात जाण्याआधी पर्समधून लहान आरसा काढून ओठांना लाली लावत, आणि वर्ग सुटला की रुमालानं पुसून टाकत. त्या दिवसांत हिंगोलीत लाली लावणारी बाई म्हणजे सिनेमाच्या पडद्यावरची. बोभाटा झाला. संस्थेच्या एका सभासदानं मला बोलावून विचारलं, हे काय चाललंय. मी म्हणालो, मुंबईचं वारं. खरं कारण मला बाईंनी सांगितलं होतं, ते मी त्या सभासदाला सांगितलं नाही. बाईंचं उत्तर असं होतं: "गवंड्याच्या हातात थापी असती, तशी ही माजी थापी. लेकरांना ओठ दिसला पायजे. रस्त्यानं मी लावते का?" लेकरांनी त्यांचं नावही तेच पाडलं, ओठांभोवती गोल फिरवलेलं बोट.

लालीचं कारण सांगितलं त्याच दिवशी त्यांनी माझ्या मिशीचा विषय काढला. करीमचाचासमोर, दोन पालकांसमोर. म्हणाल्या, "सर, राग नका मानू, पण तुमच्या मिशीत तुमचा वरचा ओठ हरवलाय. लेकरांना निम्मेच शब्द दिसून राहिले. थोडी कमी करा." आमच्या गावात बाईमाणसानं पुरुषाला मिशी काप म्हणणं म्हणजे काय, हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, पण ते त्यांच्या लेखी कामाच्या आड येत होतं. मी म्हणालो, "मिशी बापाची हाय बाई, मी नुसती सांभाळतो." पालक हसले. माझी बाजू राहिली. पण त्या दिवसापासून मी लेकरांशी बोलताना ती माझ्या तोंडाकडं पाहतात की मिशीकडं, हे बघायला लागलो. ती मिशीकडं पाहत होती.

बाई चुकतही होत्या, हे सांगायला पाहिजे, नाहीतर मी स्वतःला बडवून घेतोय असं वाटेल. खुणा त्यांना चालत नसत. त्या काळी तीच पद्धत होती, लेकरू हातानं बोललं की तोंडानं बोलणार नाही म्हणत. बाई लेकरांचे हात धरून मांडीवर दाबत. "हात खाली. तोंडानं." लेकरं रडायची. मग त्यांची पाठ फिरली की माझ्याकडं येऊन हातानं सगळं सांगायची, बाईंच्या नावाची खूण करून नाक मुरडायची. मला त्यात गोडी वाटायची. मी लेकरांना बाईंविरुद्ध हसू दिलं, आणि त्याला माया समजलो. आज लोक म्हणतात खुणांची भाषाही भाषाच. म्हणजे त्या बाबतीत मी बरोबर होतो. पण मी बरोबर होतो तो लेकरांसाठी नाही, बाईंविरुद्ध.

बाकी शिकवणं मात्र त्यांचंच. खिडकीकडं तोंड करून बसायच्या, उजेड तोंडावर. लेकराचा एक हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायच्या, दुसरा नाकावर. एकदा मला समोर बसवलं. म्हणाल्या, "सर, कान बंद करा. मी काय म्हणते सांगा." मी कानांत बोटं घातली. त्या म्हणाल्या आणि मी पाहिलं. मला वाटलं 'बाळ'. त्या मान हलवून नाही म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. मी 'बाळ'च म्हणालो. त्यांनी कानातली बोटं काढायला लावली. पहिल्यांदा त्या 'माळ' म्हणाल्या होत्या, दुसऱ्यांदा 'पाळ'.

"प, ब, म. ओठावर तिन्ही एकच," बाई म्हणाल्या. "दोन्ही ओठ मिटतात आन् उघडतात. डोळ्याला काय कळणार? म्हणून हात पायजे. प ला हातावर फुंकर येते, ब ला गळा हलतो, म ला नाक हलतं. हात काढला की लेकरू आंधळं." मी पुढचे कितीतरी दिवस घरी आरशासमोर उभा राहून पाट, माठ, पाळ, बाळ म्हणत होतो. माझ्या मिशीत तर काहीच दिसत नव्हतं. मी त्यांचं इतकं मन लावून शिकत होतो, हे त्यांना कधी कळू दिलं नाही.

मग गंगूचं झालं. गंगू कुरुंद्याकडची, हळद करणाऱ्या माणसाची पोरगी, बाई यायच्या किती तरी आधीपासून माझ्याकडं होती. माझ्याकडं तिनं कधी आवाज काढला नव्हता. हसली तरी नुसता श्वास. गंगूचा बाप बाजाराच्या दिवशी भेटायला आला होता. बाईंनी गंगूला त्याच्यासमोर उभं केलं, तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवला. गंगू बापाकडं पाहून म्हणाली, "बाबा." आवाज जाड होता, घोगरा, पोरीच्या वयाला न शोभणारा. बाप पायरीवर बसला. पुन्हा म्हण म्हणाला. तिनं म्हटलं. तो पुन्हा पुन्हा म्हणायला लावत राहिला, शेवटी पोरगी कंटाळून पळाली. मग तो माझ्याकडं वळला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. साध्या मनानं विचारलं, "सर, इतकी सालं तुमच्याकडं होती, तवा काहून न्हाई बोलली?"

मी म्हणालो, वय व्हावं लागतं. बाईंनी ते खोडून काढलं नाही. त्यांनी माझी बाजू सावरली, ते मला माझ्या मिशीवरच्या त्यांच्या शब्दांपेक्षा जास्त लागलं.

तपासनीस साहेब आले ते उन्हाळ्याच्या तोंडावर. औरंगाबादकडचे गृहस्थ, बोलणं मऊ, पण कुणी आपल्याला शिकवतंय असं वाटलं की चेहरा बदलायचा. बाईंनी सकाळपासून लेकरांना अंघोळ घालून, केस विंचरून बसवलं होतं. स्वतः नवं लुगडं नेसल्या होत्या, लाली जरा जास्तच झाली होती. करीमचाचानं साहेबासाठी सोडा आणून ठेवला होता. साहेब म्हणाले, शब्द शिक्षिका सांगणार नाहीत, मुख्य सांगतील. मूल चित्र दाखवेल किंवा शब्द म्हणेल. हे रीतीला धरूनच होतं.

मी म्हणालो, "साहेब, एक विनंती. हात लावायला नको. हात लावला की खूण होते, मग परीक्षा कसली?"

साहेबांना पटलं. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. तेव्हाही त्यांना वाटलं असावं, की मी कडक परीक्षा घेऊन त्यांची शोभा वाढवतोय. कारण त्या हसल्या.

गंगू पुढं आली. मी म्हणालो, "माठ." तिनं पाटाच्या चित्रावर बोट ठेवलं. मी म्हणालो, "माळ." तिनं मोठ्यानं "बाळ" म्हटलं आणि कौतुकासाठी बाईंकडं पाहिलं. मी "पाळ" म्हणालो. तिनं पुन्हा "बाळ" म्हटलं, या वेळी हळू, कारण आपलं काहीतरी चुकतंय हे तिला आमच्या चेहऱ्यांवरून कळलं होतं. तिचा हात आपोआप माझ्या गळ्याकडं आला. मी मागं सरकलो. दुसऱ्या लेकरांनाही मी तसेच शब्द दिले. नळ, खुर्ची, गाय, चाक, यातलं एक तरी दिलं असतं तर प्रत्येक लेकरू बरोबर आलं असतं. ते शब्द माझ्या जिभेवर होते. मी गिळले.

बाईंना दुसऱ्या लेकरापर्यंत कळलं. त्या उठल्या आणि साहेबाला म्हणाल्या, "साहेब, हे शब्द ओठावर एकच दिसतात. कुनालाच ओळखता येणार न्हाईत. तुमालापन न्हाई." साहेब म्हणाले, शिक्षिकेनं मध्ये बोलू नये. बाईंनी पर्स उघडली, तो लहान आरसा काढला आणि साहेबाच्या समोर धरला. "म्हनून बघा ना. माळ म्हना, बाळ म्हना. बघा तुमच्याच ओठावर." तेवढ्यात करीमचाचा पुटपुटलेला मी ऐकला, "या अल्ला, बाई, बस करो." साहेबांनी आरसा हातानं बाजूला केला आणि माझ्याकडं वळले. तुम्ही जुने, तुमचा अनुभव मोठा, तुम्ही सांगा, असं काही असतं का.

त्या वर्षभरात मी खरोखर शिकलेली ती एकच गोष्ट होती.

"माझ्या अनुभवात तरी असं काही आलं नाही, साहेब," मी म्हणालो.

बाई खाली बसल्या. आरसा पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली. साहेबांनी निकाल समाधानकारक नाही असा शेरा दिला आणि दुसऱ्या मुख्याच्या हाताखाली पुन्हा वर्षभर काम करावं लागेल असं तोंडी समजावलं. बाईंनी त्यांच्या तोंडाकडं नीट पाहून सगळं ऐकून घेतलं. त्या दिवशी त्यांनी लाली पुसली नाही. तशाच बाजारातून मावशीच्या माडीकडं गेल्या. गावानं पाहिलं.

दुसरा मुख्य म्हणजे दुसरा जिल्हा. जवळपास तसा वर्ग नव्हता. कुरुंद्याला वर्ग निघाला नाही, त्या वर्षी नाही आणि पुढंही नाही. गंगूचा बाप तिला घेऊन गेला, म्हणाला, "बाई नाहीत तर इथं ठेवून काय करू." पुढं ती 'बाबा' म्हणत राहिली की नाही, मला माहीत नाही. विचारायला मी कधी कुरुंद्याला गेलो नाही. हिंगोलीहून एसटी थेट जायची.

बाई गेल्या त्या दिवशी मी स्टँडवर गेलो. मुख्य म्हणून जायला हवं, असं स्वतःला सांगत गेलो. खरं म्हणजे त्यांना जाताना पाहायचं होतं. गाडी लागलेली होती. बाई खिडकीशी, मांडीवर पिशवी, शेजारी एक पागोटेवाला म्हातारा. मी खिडकीखाली उभा राहिलो. खाली मान घालून म्हणालो, "सांभाळून जा बाई. काही तकलीफ झाली तर लिहा." बाईंनी खिडकीवर बोटानं टकटक केलं. मग त्यांच्या सवयीनं मी वर पाहिलं, त्यांच्या ओठांकडं. तेव्हा त्या बोलल्या. रागानं नाही, शांतपणे, एकेक अक्षर सुटं करून, जसं लेकरांना सांगत.

"सर, माझ्या सगळ्या लेकरांत तुमीच नीट शिकलात."

आणि लगेच त्या शेजारच्या म्हाताऱ्याकडं वळल्या. त्यानं बिडी काढली होती. त्यांनी त्याच्या समोर टकटक केलं आणि बिडी बाहेर फेकायला लावली. म्हातारा कुरकुरला, बाई त्याच्याशी भांडायला लागल्या, गाडी हलली. मला शेवटचं दिसलं ते त्यांचं हलणारं बोट आणि म्हाताऱ्याचं पागोटं.

आता जे लिहितो, त्यासाठीच हे सगळं लिहिलं. वर्षभर बाईंनी माझं कधी कौतुक केलं नव्हतं. करीमचाचाचं केलं, गंगूचं केलं, माझं नाही. आणि त्या वाक्याचा अर्थ मला कळायच्या आधी, गाडी स्टँडच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत, मी तिथं उभा होतो तो खूश होऊन. बाईंनी आपल्याला चांगलं म्हटलं, एवढंच माझ्या मनात होतं. अर्थ नंतर कळला, घरी जाताना, बाजारातून चालत असताना, माळ, बाळ, पाळ आठवलं तेव्हा. पण पहिल्यांदा मी हसलो होतो, ते हसू खरं होतं.